रेडिओ चालत नाही, काय करावे?

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून स्टेशनकडे उतरणाऱ्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानात एक फळा होता. शाळेत असतो तसाच, फक्त एक कोपरा उडालेला. माझ्या आयुष्यातला पहिला जाहीर प्रश्न मी त्या फळ्यावर लिहिला. ‘रेडिओ चालत नाही. काय करावे? तातडीचे आहे.’

पुढच्या बाजाराच्या दिवशी उत्तर बघायला गेलो. खाली तीन निरनिराळ्या हातांनी लिहिलं होतं. ‘कोणाचा?’ त्याखाली, ‘चालत नसल्यास उचलून न्यावे.’ आणि तिसरं, जरा दाबून, ‘तातडी तुमची, खडू आमचा.’

त्या दिवसापासून त्या दुकानात माझं नाव ‘चालत नाही’ पडलं. ‘या, चालत नाही, या! आज काय चालत नाही?’ आईबापांनी ठेवलेलं नाव तिथे कुणाला शेवटपर्यंत ठाऊक झालं नाही. बरंच झालं म्हणायचं. घराण्याची अब्रू तेवढी वाचली.

पवनेवर धरण व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचं गाव पवनमावळात, डोंगराच्या अगदी कुशीत. गावात वीज नव्हती, नळ नव्हता, सडक नव्हती. शाळेसाठी मला लोणावळ्यात भांगरवाडीला आत्याकडे ठेवलं होतं. मॅट्रिकला गणिताने आडवं पाडलं आणि वडिलांनी गावी बोलावून घेतलं. पण शाळेत असतानाच मला त्या दुकानाचा नाद लागला होता. शेजारी चिक्कीवाल्याची कढई असे. उकळत्या गुळाचा आणि वितळत्या शिशाचा वास एकमेकांत मिसळून बोळभर पसरायचा, आणि मला तो वास आला की भूकही लागायची आणि रेडिओही बनवावासा वाटायचा. आजही चिक्कीच्या दुकानावरून जाताना माझी बोटं पक्कड शोधतात.

दुकानाचे मालक अण्णा. पावसाळाभर लोणावळ्यात जे धुकं घरात शिरून बसतं ते रेडिओतही शिरतं. त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला मुंबईकरांच्या बंगल्यांचे माळी बुरशी चढलेले रेडिओ डोक्यावर घेऊन अण्णांकडे रांग लावत. अशा घाईच्या दिवसांत आमच्यासारखे हौशी लोक मान लांब करून विचारायचे, ‘अण्णा, ही तार कुठे लावू?’ एकदा असंच कुणाला तरी उत्तर देताना अण्णांच्या हातातली तापलेली सळई एका बंगलेवाल्याच्या सागवानी पेटीवर टेकली. त्या डागाबरोबर तोंडी प्रश्न कायमचे बंद झाले. अण्णांनी कुठून तरी जुना फळा आणून टांगला आणि सांगितलं, ‘काय विचारायचं ते इथे लिहा. ज्याला येत असेल तो खाली लिहील. मी बहिरा आहे असं समजा.’

फळ्याचे नियम मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. ते मोडल्यावर कळत. आणि मोडायचं काम माझ्याकडे होतं. मी येण्याआधी तिथे इतके नियम आहेत हे खुद्द अण्णांनाही माहीत नसावं.

तो पहिला प्रश्न लिहिला तेव्हा माझा तीन व्हॉल्व्हचा संच नुकताच तयार झाला होता. सुटे भाग अण्णांच्या भंगारपेटीतले, बॅटरीही त्यांनीच दिलेली. अण्णांचा एक जुना शिरस्ता होता. ज्याने स्वतःच्या हाताने संच जुळवून दुकानाबाहेर बोलता केला, त्याला दुकानात एक स्टूल मिळे. स्टूल म्हणजे नोकरी, म्हणजे शिकणं, म्हणजे माझ्या हिशोबाने उरलेलं सगळं आयुष्य. अडचण एकच होती, आमचे आबा. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांची अट वेगळी होती.

‘आवणीपत्तुर तुजा ह्यो डबा हितं, ह्या घरात बोलला पायजे,’ ते म्हणाले. ‘बोलला तर जा तुज्या त्या दुकानात. न्हाई बोलला तर गुमान औत धर. मला एकट्याला चिखल आवरत न्हाई आता.’

आवणी म्हणजे भाताची लावणी. पाऊस जमला की आवणी आली. म्हणजे माझ्याकडे दिवाळीपासून पावसापर्यंतचा वेळ होता. मी छाती काढून म्हणालो, ‘शिमग्याच्या आधी बोलंल.’

आबा अट घालून थांबले नाहीत. त्यांनी मधल्या भिंतीत डब्यासाठी एक देवळी कोरली. चांगली ऐसपैस, कडेने चुना ओढलेली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘नवा देव बसवतूस का रं?’ तर म्हणाले, ‘व्हय. बोलनारा. जुनं कुटं बोलत्यात?’ गावभर झालं. मावश्या पाणी भरायला जाताना डोकावून विचारायच्या, ‘बोलला का गं तुमचा डबा?’ आई म्हणायची, ‘दात यायचं हायेत अजून.’

डबा दुकानात बोलायचा आणि घरी बोलायचा नाही, हे माझं मूळ दुखणं. दुकानात अण्णांच्या उंच खांबावरची एरियल जोडली की पुणे केंद्र असं खणखणीत ऐकू यायचं की बोळातली माणसं थांबायची. तोच डबा घोंगडीत गुंडाळून, पाठीवर घेऊन, दुधिवऱ्याची खिंड ओलांडून घरी न्यावा, देवळीत ठेवावा, आणि त्याने मुक्या देवासारखं माझ्याकडे बघत बसावं. मधमाशीसारखा बारीक आवाज. बस.

आता शहाणा माणूस फळ्यावर काय लिहील? ‘संच दुकानात चालतो, घरी चालत नाही. घर अमुक ठिकाणी आहे.’ पहिला भाग मी उशिरा का होईना लिहिला. दुसरा लिहिला नाही.

त्याचं कारण सांगतो. दुकानात दोन माणसांचा दरारा होता. एक विज्ञानाचे मास्तर, माझ्या शाळेतले नव्हेत, आणि दुसरे रेल्वेतले सिग्नल फिटर. फिटरना आम्ही भाऊ म्हणत असू. एकदा आमच्याच मावळातला, तुंगीकडचा एक माणूस अण्णांना विचारत होता की आमच्याकडे रेडिओ लागेल का. मास्तर पेपर खाली न करताच म्हणाले, ‘कशाला? म्हशी बातम्या ऐकणार आहेत का?’ दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. इतका, की मास्तरांनी पेपर खाली करून बघितलं कोण हसतंय ते. त्या हसण्यानंतर, आमचंही घर म्हशींच्याच बाजूला आहे, हे सांगायची सोय राहिली नाही. कुणी विचारलं ‘कुठला तू?’ तर मी नुसती मान भांगरवाडीच्या दिशेने हलवायचो. खोटं बोललो नाही. मान हलवली.

शिवाय उत्तराची वाट बघायचा मला धीर नव्हता. फळ्यावर लिहिलं त्याच दिवशी मी मास्तरांना शाळेत गाठून तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, कॉइलचे चार वेढे कमी कर. तिथून निघून भाऊंना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं. ते म्हणाले, वेढे वाढव. दोघांचाही मान राखायचा म्हणून मी आधी कमी केले, मग वाढवले, तेव्हा तार तुटली. पुढच्या बाजाराला दोघं दुकानात समोरासमोर आले.

‘काय भाऊ, तुमच्याकडे पण आला होता का?’

‘आला होता. म्हणाला, फक्त तुम्हालाच विचारतोय.’

‘मला पण तेच म्हणाला.’

दोघांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांच्या हातात सळई होती म्हणून ते बोलले नाहीत, पण सळईने फळ्याकडे बोट केलं. मी जाऊन लिहिलं, ‘हा प्रश्न मास्तरांना व भाऊंनाही विचारला आहे.’ खाली मास्तरांनी लगेच लिहिलं, ‘पोस्टमनला राहिला.’

मी काही काळ भलभलते प्रश्नही लिहिले. रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. न बोलणाऱ्या रेडिओचं काढावं का, हे मी विचारलं. उत्तर आलं, ‘न बोलणाऱ्यांना या देशात लायसन लागत नाही.’ ‘बॅटरी डाव्या बाजूला ठेवल्यास फरक पडतो का?’ हा प्रश्न तर अण्णांनी उत्तर न देता स्वतः पुसला. अण्णांनी स्वतः पुसणं हा त्या दुकानातला सर्वांत मोठा अपमान होता.

तरी त्या लोकांचं एक होतं. टिंगल करायचे, पण उत्तर द्यायचे. होळी झाली तेव्हा माझा प्रश्न जरा रीतसर झाला होता आणि त्याच्या खाली भाऊंच्या गोल अक्षरात लिहून आलं, ‘दुकानात चालतो म्हणजे संच ठीक आहे. दोष एरियलचा किंवा अर्थिंगचा. एरियल छपरावर उंच, विजेच्या तारांपासून लांब. अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला घट्ट बांधणे. कळवणे.’

उत्तर हातात पडल्यावर ते समजून घ्यावं असं मला वाटलं नाही. ते पाळावं एवढंच वाटलं. विजेच्या तारांपासून लांब? आमच्याकडची सगळ्यांत जवळची विजेची तार डोंगरापलीकडे होती. हे काम आपोआपच झालेलं. आता नळाचा पाइप. नळ नव्हता, पण पाइप मिळवता येत होता. आत्याच्या घराशेजारी नळाचं काम चाललं होतं, तिथून हातभर तुकडा मागून आणला. आता तो कुठे लावायचा? भांगरवाडीत पाइप भिंतीवर असतो हे मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून मी तो गोठ्याच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून बसवला आणि त्याला तार घट्ट बांधली. इतकी घट्ट, की आबांनी ओढून बघून कौतुक केलं.

‘ह्यातनं पानी येनार का रं?’

‘न्हाई आबा. ह्यातनं वीज जमिनीत जाती.’

आबांनी पाइपाखाली बघितलं. पाइप संपत होता तिथपासून जमिनीपर्यंत चांगली कंबरभर भिंत होती. ‘उडी मारून?’

मी त्यांच्याकडे दयेने बघितलं. अडाणी माणूस.

फळ्यावर मी कळवलं, ‘एरियल उंच केली. विजेच्या तारांपासून लांब आहे. पाइपाला घट्ट बांधली. तरीही नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. भाऊ बराच वेळ ते वाचत उभे राहिले. मग त्यांनी लिहिलं, ‘पाइप गंजला असल्यास घासणे.’ मी घासला. चकचकीत केला. गोठ्यात एवढी चमकणारी वस्तू पूर्वी नव्हती. बैल बिचकला. ‘घासला. नाही.’ मास्तरांनी लिहिलं, ‘दुसऱ्या नळाला बांधून पाहणे.’ मी आणखी एक तुकडा आणला आणि शेजारी ठोकला. ‘दुसऱ्या पाइपालाही बांधली. नाही.’

आता दुकान गंभीर झालं. टिंगल थांबली. माझ्या प्रश्नासाठी अण्णांनी फळ्याचा अर्धा भाग चौकट आखून राखून ठेवला. भाऊ रात्रपाळीहून थेट दुकानात येऊन व्हॉल्व्ह बदलून बघायचे. मास्तर कुठल्याशा पुस्तकातून आकृती उतरवून आणायचे. ती मोठी माणसं माझ्या प्रश्नात शिरली होती आणि मला फार थोर वाटत होतं. ‘चालत नाही’ या नावात आता थोडा आदर आला होता, एखाद्या दुर्मिळ आजाराच्या रोग्याला येतो तसा.

आणि मग एका रविवारी भाऊ म्हणाले, ‘लिहून नाही व्हायचं हे. चला, याच्या घरीच जाऊ.’

डबा त्या दिवशी दुकानातच होता. मास्तरांनी टोपी घातली. अण्णांनी, कधी नव्हे ते, सळई खाली ठेवली. मी म्हणालो, ‘घरी पसारा आहे.’ मास्तर म्हणाले, ‘आम्ही काय मुलगी बघायला येतोय?’ आणि ते तिघं भांगरवाडीच्या दिशेने चालू लागले, कारण मान मी तिकडेच हलवली होती.

आत्याने चहा टाकला. भाऊंनी पत्र्यावर चढून तार ताणली, अंगणातल्या नळाला अर्थिंग बांधलं, आणि डब्याने तोंड उघडलं. पुणे केंद्र. कामगारांसाठीचा काहीतरी कार्यक्रम. इतका स्वच्छ आवाज, की आत्या पदर सावरून उभी राहिली.

‘चालतो की रे!’ भाऊ पत्र्यावरून ओरडले.

‘चालतो,’ मी म्हणालो. माझा आवाज डब्यापेक्षा बारीक आला.

मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णा फारसं बोलत नसत. ते म्हणाले, ‘स्टूल तुझं. कधीपासून येतोस?’

दिवाळीपासून ज्या वाक्यासाठी मी खिंड तुडवत होतो ते वाक्य आलं होतं, आणि मी त्याला उत्तर काय दिलं? ‘आवणी झाली की सांगतो.’

‘भांगरवाडीत आवणी?’ मास्तर म्हणाले.

‘आत्याचं सासरचं शेत आहे,’ मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की चहा आणखी कडू झाला.

दुकानात परत गेल्यावर अण्णांनी माझ्या प्रश्नावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, ‘सुटला.’ एकदा ‘सुटला’ लिहिलं की त्यावर पुन्हा विचारायचं नाही, हा फळ्याचा नियम. हा मात्र मला न मोडताच माहीत होता. माझा प्रश्न भांगरवाडीत सुटला होता आणि डोंगरापलीकडे देवळी रिकामी होती. कुणाला विचारणार? आत्तापर्यंत चुकीच्या प्रश्नाला चुकीची उत्तरं तरी मिळत होती.

डबा पाठीवर टाकून निघालो. ऊन मी म्हणत होतं. खिंडीत टेकलो तेव्हा, काय वाटलं कोण जाणे, एरियलची तार एका झाडावर फेकली आणि अर्थिंगची तार झऱ्याच्या उरल्यासुरल्या चिखलात खुपसली. डबा बोलला. बाजारभाव सांगत होता. मी उठलो, थोडं खाली उतरलो, तार फेकली. कुजबुजला. आणखी उतरलो. मधमाशी. गावात पोचलो, देवळीत ठेवला. मुका.

मी गोठ्यात गेलो आणि माझ्या चकचकीत पाइपाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग त्याच्या खालच्या कंबरभर भिंतीकडे. आबा मागे येऊन उभे होते.

‘उडी मारंना का?’ ते म्हणाले.

मी त्यांना खिंडीतली गोष्ट सांगितली. म्हणालो, ‘आबा, खिंडीत बोलतोय. चला, दावतो.’

ते हसले नाहीत. ‘खिंडीत मानसं ऱ्हात न्हाईत, बाबा,’ म्हणाले. ‘हितं बोलव.’

पुढच्या बाजाराला मी दुकानात गेलो आणि फळ्यावर नवा प्रश्न लिहिला. लिहायला बराच वेळ लागला, कारण लिहिता लिहिता निम्मी उत्तरं मलाच दिसायला लागली होती. ‘माझे घर भांगरवाडीत नाही. पवनमावळात आहे, डोंगराच्या कुशीत. तेथे वीज नाही, नळ नाही. अर्थिंग गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेल्या पाइपाला होते. तो जमिनीला टेकत नाही. आता काढला. जमीन मुरमाड, वाळलेली. संच दुकानात, आत्याकडे व खिंडीत बोलतो. खाली उतरत जावे तसा आवाज जातो. तीन व्हॉल्व्ह. घरी बोलण्यासाठी काय करता येईल? आवणीच्या आत हवे आहे, कारण त्यावर माझे दुकानात येणे ठरणार आहे.’

आजवर त्या फळ्यावर इतका चांगला प्रश्न कुणी लिहिला नसेल. मला तरी आयुष्यात पुन्हा साधला नाही.

मास्तरांनी वाचलं. ‘गोठ्याच्या भिंतीवर?’ एवढंच म्हणाले. मग एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. भाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

‘मी त्या पाइपापायी रात्रपाळीनंतर झोपलो नाही रे. व्हॉल्व्ह बदलत बसलो. आधी का नाही बोललास?’

‘म्हशी,’ मी म्हणालो.

मास्तरांचं पोट थांबलं. त्यांनी पेपर उघडला. त्या दिवशी त्यांनी पेपरचं पान उलटलं नाही, एवढं मी बघितलं.

भाऊंनी खडू घेतला आणि लिहिलं. टिंगल नाही, गोलगोल बोलणं नाही. ‘डोंगर आडवा आहे. तीन व्हॉल्व्हचे बळ कमी. मोठा संच हवा, तो आता जुळवून होणार नाही. एकच आशा, अर्थिंग. पाइप खोल पुरावा, जमीन ओली हवी. मुरूम ओल धरत नाही. पाऊस पडल्यावर पाहावे. खात्री नाही.’

पाऊस पडल्यावर. पाऊस पडला की आवणी. ओल आणि मुदत दोन्ही एकाच ढगातून येणार होत्या. मी भाऊंकडे बघितलं. त्यांनाही ते लिहिताना कळलं होतं.

‘दिवाळीला सांगितलं असतंस,’ ते हळू म्हणाले, ‘तर दिवाळीलाच मोठा संच जुळवायला घेतला असता. आपण सगळ्यांनीच.’

अण्णांनी सळई तापवायला ठेवली.

मी गावी येऊन पाइप पुरला. त्याच्या बुडाशी रोज घागर ओतायचो. जेठातल्या त्या टंचाईत आई ती घागर बघून तोंड फिरवायची. मुरूम घागर पिऊन कोरडाच राहायचा. पाऊस आला तेव्हा आबांनी औत बाहेर काढलं, पण जुंपलं नाही. म्हणाले, ‘आजचा दिस बघू.’ शेजारचा म्हातारा, दोन मावश्या आणि त्यांच्या मागची सगळी आळी घरात आली. देवळीत डबा. मी बटण फिरवलं.

आणि काय सांगू, आवाज आला. मोठा. कडाड्, खर्रर्र, कडाड्. विजा चमकत होत्या त्या सगळ्या माझ्या डब्यात उतरत होत्या. आळी मागे सरकली.

‘बोलतोय की!’ म्हातारा म्हणाला.

आबा पुढे झाले, कान लावून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, ते हो म्हणतील. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना हो म्हणायचं आहे.

‘कुनाशी तरी भांडतोय,’ ते म्हणाले. ‘लय चिडलाय. पर बोलत न्हाई रं.’

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि बैल जुंपायला गेले. मी डबा बंद केला. म्हातारा म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे की जरा, ढोल तरी वाजतुया.’ मग मीही चिखलात उतरलो.

आवणी झाल्यावर एकदा लोणावळ्याला गेलो. फळ्याचा आणखी एक नियम होता. ज्याने विचारलं त्याने शेवटी काय झालं ते लिहायचं, म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. माझा प्रश्न अजून तसाच होता. पावसाळी हवेने खडू ओलसर होऊन अक्षरं फुगली होती. मी खाली लिहिलं, ‘पावसात पाहिले. नाही झाले.’ कोपऱ्यातल्या स्टुलावर एक नवा पोरगा बसला होता, त्याच्या हातात सळई होती.

अण्णा म्हणाले, ‘डबा ठेवून जातोस का? भाग कामाला येतील.’

मी ठेवून आलो.

देवळीत आई बैलाच्या औषधाची बाटली ठेवू लागली. पुढे धरण झालं. आम्ही वर सरकलो, शेत गेलं, आबा गेले, आणि मी तळेगावच्या एका कारखान्याच्या दारावर खुर्ची टाकून बसलो. येणाऱ्याला विचारायचं, कुठून आलात. लोक मान हलवतात. मी म्हणतो, मानेने नको, तोंडाने सांगा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की कधी कधी आमच्या घराचा चौथरा वर येतो म्हणतात. मी बघायला गेलो नाही. एवढं माहीत आहे की तो पाइप अजून तिथेच पुरलेला असणार, आणि भाऊंनी सांगितली होती तशी ओल आता तिथे बारमाही आहे. यापेक्षा चांगलं अर्थिंग साऱ्या पवनमावळात कुणाचं नसेल.